मन दिसत नाही, मग ते मोजायचे कशाने?

मानसशास्त्राची तोंडओळख करून घेणाऱ्या वाचकांकडून या सदरासाठी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी संशोधनपद्धतींविषयीची पत्रे मी मुद्दाम आधी घेतली आहेत. माणूस स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मनाविषयी फार सहज फसतो, आणि या शास्त्रातील जवळजवळ प्रत्येक पद्धत अशा एखाद्या फसगतीवरचा इलाज म्हणून जन्माला आली आहे, असे इतकी वर्षे हा विषय शिकवताना माझे मत झाले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मन डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. मग त्याच्या अभ्यासाला ‘विज्ञान’ म्हणणे कितपत योग्य आहे? (प्रथम वर्षाची विद्यार्थिनी)

उत्तर : तुमची शंका या शास्त्राच्या जन्मापासूनची आहे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली, आणि तेथून या विषयाचा स्वतंत्र प्रवास सुरू झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या काळातील एक प्रमुख पद्धत होती अंतर्निरीक्षण, म्हणजे प्रशिक्षित व्यक्तीने स्वतःच्या अनुभवाचे बारकाईने वर्णन करणे. अडचण अशी होती की दोन निरीक्षकांची वर्णने जुळली नाहीत, तर कोणाचे बरोबर हे ठरवायला काहीच साधन नव्हते. जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवले आणि मानसशास्त्राने फक्त वर्तनाचा अभ्यास करावा, अशी भूमिका मांडली. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर स्मृती, अवधान, विचार हे विषय पुन्हा मानाने परत आले, पण एक अट पाळूनच : मनाविषयी जे काही म्हणायचे, ते इतरांनाही तपासता येईल अशा खुणांच्या आधारे म्हणायचे. म्हणून आज मानसशास्त्राची व्याख्या ‘वर्तन आणि मानसिक प्रक्रिया यांचा शास्त्रीय अभ्यास’ अशी केली जाते.

ही अट प्रत्यक्षात कशी पाळतात, याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण हर्मान एबिंगहाउस यांचे आहे. विस्मरण मोजायचे असे त्यांनी ठरवले. ओळखीचा मजकूर घेतला, तर त्यातील अर्थाचा आधार कोणाला किती मिळेल हे सांगता येत नाही. म्हणून त्यांनी निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या तयार केल्या. एकेक यादी ते ठरावीक लयीत वाचत, न चुकता म्हणता येईपर्यंत पाठ करत, आणि किती वेळ लागला ते नोंदवत. मग काही काळ जाऊ देऊन तीच यादी पुन्हा पाठ करत. समजा, पहिल्या वेळी १००० सेकंद लागले आणि दुसऱ्या दिवशी ६६०, तर ३४ टक्के श्रम वाचले. जे वाचले ते मनात कुठेतरी शिल्लक होते, एरवी आपल्याला ‘सगळे विसरलो’ असे कितीही वाटो. या हिशेबाने २० मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के, एका तासानंतर ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतरही २१ टक्के बचत त्यांना आढळली. विस्मरणाचा वेग सुरुवातीला फार आणि पुढे मंद असतो, हे त्यांनी १८८५ मध्ये असे आकड्यांत मांडले. स्मृती त्यांनाही दिसली नाही. पण तिने मागे ठेवलेली खूण त्यांनी सेकंदांत पकडली.

अमूर्त गोष्ट नेमक्या कोणत्या कृतीने मोजणार हे आधीच ठरवण्याला कार्यात्मक व्याख्या म्हणतात. वर्गात मी दोन विद्यार्थिनींना खेळणाऱ्या मुलांच्या एकाच गटातील ‘आक्रमक वर्तन’ मोजायला सांगतो. दरवेळी एकीच्या कागदावर दुसरीपेक्षा कितीतरी जास्त खुणा असतात, कारण एकीने ढकलणे मोजलेले असते आणि दुसरीला तो निव्वळ खेळ वाटलेला असतो. ‘हाताने किंवा पायाने दुसऱ्याला मारणे, किंवा त्याच्या हातातील वस्तू हिसकावणे’ एवढेच मोजायचे असे ठरवून दिले, की दोघींचे आकडे जवळ येऊ लागतात. मुले तीच असतात आणि खेळही तोच असतो, फक्त शब्दाला हद्द मिळालेली असते.

प्रश्न : जी मुले मोबाइलच्या पडद्यासमोर जास्त वेळ घालवतात त्यांची झोप कमी असते, असे वाचले. म्हणजे पडद्यामुळे झोप उडते हे सिद्ध झाले ना? (एक पालक)

उत्तर : एवढ्यावरून सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही. पालक म्हणून तुमची काळजी रास्त आहे, आणि म्हणूनच हा भेद तुम्ही नीट समजून घ्यावा अशी माझी इच्छा आहे. तुम्ही वाचलेला निष्कर्ष सहसंबंधाचा आहे : एक गोष्ट वाढते तेव्हा दुसरी कमी झालेली आढळते. सहसंबंध –१ ते +१ या मापात मांडतात. चिन्ह केवळ दिशा सांगते आणि आकडा घट्टपणा सांगतो, त्यामुळे –०.८ हा सहसंबंध +०.५ पेक्षा अधिक घट्ट असतो, हे विद्यार्थीसुद्धा परीक्षेत हमखास चुकतात.

असा सहसंबंध निदान तीन वाटांनी निर्माण होऊ शकतो. पडद्यामुळे झोप कमी होत असेल. किंवा ज्यांना मुळातच झोप लागत नाही ती मुले वेळ घालवायला मोबाइल हातात घेत असतील. किंवा घरातील ताण, पालकांच्या कामाच्या वेळा, मुलाची चिंता अशी तिसरीच एखादी गोष्ट दोन्हींच्या मुळाशी असेल. नुसत्या आकड्याकडे पाहून या तिन्हींतून निवड करता येत नाही, आणि आपले मन मात्र जी वाट आधीपासून पटलेली असते तिलाच पुरावा समजून बसते.

तिसऱ्या गोष्टीचा हा घोळ किती दूरवर जाऊ शकतो, याचा दाखला वॉल्टर मिशेल यांच्या मार्शमेलो प्रयोगातून मिळतो. समोरची मिठाई लगेच खायची, की थोडे थांबून दुप्पट मिळवायची, हे लहान मुलांवर सोपवले होते. जी मुले जास्त वेळ थांबली, ती पुढे शाळेतही सरस ठरली, असे नंतरच्या पाहणीत दिसले. लोकांनी त्यातून ‘संयम शिकवा, मूल यशस्वी होईल’ असा सरळ अर्थ काढला. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांची माहिती घेऊन हा संबंध पुन्हा तपासला गेला, तेव्हा तो मूळच्या जवळजवळ निम्माच भरला. आणि कौटुंबिक परिस्थिती व लहानपणची बौद्धिक क्षमता हिशेबात धरल्यावर तर फारच थोडा उरला. थांबू शकणे हे बऱ्याच अंशी मुलाच्या घरच्या परिस्थितीचेच प्रतिबिंब होते, असा त्याचा एक अर्थ निघतो.

कारण ठरवायचे तर प्रयोग करावा लागतो. संशोधक ज्यात मुद्दाम बदल करतो ते स्वतंत्र चल. त्याचा परिणाम ज्यावर मोजायचा ते परतंत्र चल. कोणत्या व्यक्ती कोणत्या गटात जातील हे चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक रीतीने ठरवले, की घरचा ताण, स्वभाव, वय या सगळ्या गोष्टी, अगदी आपल्याला ठाऊक नसलेल्यासुद्धा, दोन्ही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात. चिठ्ठीची ही ताकद मला आजही थक्क करते.

मात्र सहसंबंध निरुपयोगी असतो असे कृपया समजू नका. कोणालाही वर्षानुवर्षे सिगारेट ओढायला लावून प्रयोग करता येत नाही. तरीही अनेक अंगांनी केलेल्या पाहण्या एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या, तेव्हा धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांतील कार्यकारणभाव प्रस्थापित झालाच. तेथे निष्कर्ष एका आकड्यावर उभा नव्हता, इतकाच फरक आहे.

प्रश्न : ‘गाणी ऐकत अभ्यास केल्यास पाठांतरावर परिणाम होतो का?’ असा प्रकल्प करायचा आहे. ज्या मित्रांना गाणी आवडतात त्यांचा एक गट आणि इतरांचा दुसरा, अशी योजना केली आहे. चालेल का? (कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थी)

उत्तर : विषय उत्तम आहे, गटांची विभागणी मात्र बदला. गाणी आवडणाऱ्यांना गाण्यांत अभ्यास करण्याची सवय असणार, आणि मग जो फरक दिसेल तो गाण्यांचा की सवयीचा हे कळणार नाही. नाणे उडवून गट ठरवा.

आता अभ्युपगम, म्हणजे तपासून पाहता येईल असे नेमके विधान, आधी वहीत लिहा. ‘गाण्यांचा परिणाम होतो’ हे फार सैल आहे. ‘शब्द असलेली गाणी ऐकत २० शब्दांची यादी पाठ करणाऱ्यांना, शांततेत पाठ करणाऱ्यांपेक्षा कमी शब्द आठवतील’ हे तपासता येते, आणि मुख्य म्हणजे चुकीचेही ठरू शकते. यादी, वेळ, खोली, सूचनांचे शब्द दोन्ही गटांना सारखे ठेवा. एकाच मित्राला दोन्ही प्रकारे तपासायचे असेल, तर दोन वेगळ्या पण सारख्याच कठीण याद्या लागतील. आणि निम्म्यांना आधी गाणी व निम्म्यांना आधी शांतता द्यावी लागेल, नाहीतर सरावाचा किंवा थकव्याचा परिणाम गाण्यांच्या नावावर जमा होईल. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला ती कोणत्या गटाची आहे हे कळू देऊ नका. सहभागी होणाऱ्यांना काय करायचे आहे ते आधी सांगा, त्यांची संमती घ्या, आणि मध्येच उठून जायची मोकळीक द्या. मित्र असले तरी हे पाळायचेच. फरक आढळला नाही तर तेही तसेच लिहा, त्यासाठी गुण कापले जाऊ नयेत असे मी तुमच्या शिक्षकांनाही येथून सांगू इच्छितो.

प्रश्न : उत्तरपत्रिका तपासणाऱ्यापासूनही गट लपवायचा, एवढा अविश्वास कशासाठी? संशोधक प्रामाणिक असेल तर काय बिघडते? (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : बाई, येथे प्रश्न प्रामाणिकपणाचा नाहीच. प्रामाणिक माणसेच या खड्ड्यात पडतात, आणि ते दाखवून दिले बर्लिनमधील हान्स नावाच्या एका घोड्याने.

हान्सचे मालक विल्हेल्म फॉन ऑस्टेन हे गणिताचे निवृत्त शिक्षक होते. त्यांनी घोड्याला बेरीज, अपूर्णांक, दिनदर्शिका असे बरेच काही शिकवले होते, आणि हान्स खुराचे ठोके देऊन उत्तरे देई. १९०४ मध्ये जाणकारांच्या मंडळाने पाहणी केली, तेव्हा त्यांना कोणतीही लबाडी आढळली नाही. मालक समोर नसताना परक्या माणसांनी विचारले तरी हान्स बरोबर उत्तर देत असे. येथे कोणीही विश्वास ठेवला असता.

मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी मात्र परिस्थितीत एका वेळी एकच बदल करायला सुरुवात केली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नाही अशी व्यवस्था केली, आणि हान्सची हुशारी मावळली. घोड्याला विचारणारा दिसणार नाही असे केले, तरी तेच घडले. मग फुंग्स्ट घोड्याऐवजी विचारणाऱ्याकडे पाहू लागले. प्रश्न विचारून झाला की माणूस खुराकडे पाहण्यासाठी किंचित पुढे झुकत होता, आणि ठोके बरोबर संख्येवर पोहोचताच त्याचे डोके नकळत, अगदी बारीकसे वर होत होते. हान्स तेवढे पाहून थांबत होता. पुढे फुंग्स्ट यांनी स्वतःच घोड्याची भूमिका घेतली. लोकांनी मनात संख्या धरायची आणि यांनी हाताने टकटक करत त्यांच्या हालचालींवरून ती ओळखायची. बहुतेकांच्या बाबतीत त्यांना ती ओळखता आली, आणि आपण असे काही हललो याची त्या लोकांना कल्पनाही नव्हती. हे सारे त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केले.

रॉबर्ट रोझेन्थाल आणि कर्मिट फोड यांनी १९६३ मध्ये हीच गोष्ट प्रयोगशाळेत दाखवली. १२ विद्यार्थ्यांना प्रत्येकी ५ उंदीर दिले. निम्म्यांना सांगितले की तुमचे उंदीर भूलभुलैया शिकण्यात हुशार वाणाचे आहेत, आणि निम्म्यांना सांगितले की मंद वाणाचे. प्रत्यक्षात सगळे उंदीर साधेच होते. तरी ‘हुशार’ उंदरांची कामगिरी सरस नोंदली गेली. म्हणूनच औषधांच्या चाचण्यांत कोणाला खरे औषध मिळाले आणि कोणाला नुसती गोळी, हे ना रुग्णाला सांगतात ना तपासणाऱ्याला. उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकून तपासण्यामागेही हाच विचार आहे, आणि तो आपण नोकरीत असताना नक्कीच केला असेल.

प्रश्न : एका व्यक्तिमत्त्व चाचणीने माझे इतके अचूक वर्णन केले की मी चकित झालो. अशा चाचण्या शास्त्रीय असतात का? (एक वाचक)

उत्तर : काही असतात, पण ‘वर्णन पटले’ ही शास्त्रीयतेची कसोटी नव्हे. बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची अशी चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे ‘स्वतंत्र’ वर्णन दिले. ते किती लागू पडते यासाठी विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. नंतर उघड झाले की सर्वांना एकच मजकूर दिलेला होता : इतरांनी आपल्याला पसंत करावे असे तुम्हाला वाटते, तुम्ही स्वतःविषयी फार कठोर असता, तुमच्या काही क्षमता अजून वापरल्या गेलेल्या नाहीत, अशा धर्तीची वाक्ये. ही वाक्ये कोणाला लागू पडणार नाहीत?

चाचणीला दोन प्रश्न विचारा. तीच व्यक्ती काही आठवड्यांनी पुन्हा बसली तर निकाल साधारण तोच येतो का? ही विश्वसनीयता. जे मोजते असे चाचणी म्हणते, तेच ती मोजते का? ही यथार्थता. डोक्याचा घेर फीत लावून कितीही वेळा मोजला तरी आकडा तोच येईल. पण त्याला बुद्धीचे माप म्हटले, तर मोजणे विश्वसनीय असूनही यथार्थ ठरणार नाही.

प्रश्न : एकाच रुग्णाच्या अभ्यासावरून सर्वांविषयी निष्कर्ष कसा काढता येतो? (प्रथम वर्षाचा विद्यार्थी)

उत्तर : सरासरी काढता येत नाही, पण एखादी समजूत मोडून काढता येते. हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ मध्ये अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूच्या आतील एका छोट्या भागाचा, बराच अंश काढला गेला. त्यानंतर त्यांना नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली. दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला, आणि प्रत्येक दिवशी आपण हे प्रथमच करत आहोत असे त्यांना वाटत होते. स्मृती ही एकसंध वस्तू आहे ही समजूत टिकणे त्यानंतर कठीण झाले.

प्रश्न : मानसशास्त्रातील अनेक गाजलेले निष्कर्ष पुन्हा तपासल्यावर टिकत नाहीत, असे ऐकले. मग अभ्यासक्रमातील कशावर विश्वास ठेवायचा? (एक शिक्षक)

उत्तर : ऐकले ते खरे आहे, आणि विद्यार्थ्यांपासून ते लपवू नये असे मला कळकळीने वाटते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सामूहिक प्रकल्पात मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय होता. पुनरावृत्तीत हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले.

‘लक्षणीय’ या शब्दातच एक मेख आहे. प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी आहे, एवढाच त्याचा रूढ अर्थ आहे. आता एखाद्याने एकमेकांशी संबंध नसलेल्या २० गोष्टी मोजल्या, तर काहीच खरे नसतानाही निदान एक ‘लक्षणीय’ निकाल हाती लागण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. तो एकच छापला आणि उरलेले १९ खणात राहिले, की वाचकाला शोध लागल्यासारखे वाटते. त्यात नमुना, म्हणजे तपासलेल्या माणसांचा गट, लहान असला की योगायोगाला आणखी वाव मिळतो. म्हणून आता कोणता अभ्युपगम कशा रीतीने तपासणार हे काम सुरू करण्यापूर्वीच जाहीरपणे नोंदवून ठेवण्याची पद्धत रुजते आहे. एखादी पुनरावृत्ती फसली म्हणजे मूळ निष्कर्ष खोटा, असेही लगेच म्हणू नये. वेगळी माणसे, वेगळा काळ यांनीही फरक पडतो.

वर्गात शिकवताना प्रत्येक निष्कर्षापुढे ‘हे कितीदा, कोणी, किती जणांवर तपासले?’ असा प्रश्न मुलांना विचारायला लावा. काही उत्तरे निराश करतील, काही करणार नाहीत. एबिंगहाउस यांचा तो एकट्या माणसाचा, स्वतःवरच केलेला प्रयोग इतरांनी पुन्हा करून पाहिला, आणि ती पुनरावृत्ती १३० वर्षांनी, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातही एकाच व्यक्तीने तसल्याच निरर्थक याद्या ७० तास बसून पाठ केल्या, २० मिनिटांपासून ३१ दिवसांपर्यंतच्या अंतराने त्या पुन्हा पाठ केल्या, आणि आलेख जवळजवळ तसाच आला.